राखणीच्या जहाजाचा सत्कार

कारगिलचं युद्ध संपलं आणि आमच्याकडे देशभक्तीला उधाण आलं. जो तो सत्कारासाठी सैनिक शोधत सुटला. संगमेश्वरवाल्यांनी दोन सुभेदार आधीच पळवले, त्यामुळे आमच्या खाडीकाठच्या गावाच्या वाट्याला उरले माझे आजोबा सुलेमान, म्हणजे आमचे दादा, वय ऐंशीच्या घरात, दुसऱ्या महायुद्धात नौदलात खलाशी. समितीचे अध्यक्ष हरिश्चंद्रशेट. हातखंब्याच्या नाक्यावर त्यांचं टायरचं दुकान, आणि ट्रकवाले पंक्चर निघेपर्यंत जेवढा इतिहास सांगतील तेवढा त्यांचा व्यासंग.

शेटना जहाजाचा पराक्रम हवा होता. दादा म्हणाले, "आमचा जहाज राखणीचा. मालाच्या जहाजांच्या पुढंमागं ऱ्हवायचा. कराचीसून एडन, एडनसून कराची."

"आणि लढाई?"

"काय घडला नाय, तर आमचा काम झाला."

शेटचा चेहरा पडला. काही न घडल्याबद्दल शाल कशी द्यायची? "एकदा ताफ्यातला एक जहाज बुडाला," दादा म्हणाले. शेटना तेवढं पुरलं. उरलेला इतिहास ते घरी जाऊन तयार करणार होते.

त्या बुडालेल्या जहाजावर आमच्याच मोहल्ल्यातला आदम होता, दादांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याची बायको मरियमचाची आमच्या शेजारीच राहायची. दादांनी लढाईवरून परतल्यावर तिला सांगितलं होतं, आदम खाली झोपला होता, पाणबुडीचा मारा झाला आणि तो झोपेतच गेला. चाचीने त्या एका वाक्यावर आख्खा जन्म काढला. "माज्या माणसाला पाण्याचा तोंड बघायला लागला नाय," असं म्हणून ती अल्लाचे आभार मानायची.

आता शाल कोणाच्या हस्ते? त्या वर्षी वीरपत्नीशिवाय कार्यक्रमाला शोभा नव्हती. समितीला मरियमचाची सापडली. दादा म्हणाले, "तिला नको, दुसरा कोणपण आणा." पण बळी द्यायच्या कोंबड्याला कोण विचारतो आणि सत्कारमूर्तीला तरी कोण विचारतो?

शाळेच्या सभागृहात शेट बोलायला उभे राहिले. आमच्या राखणीच्या जहाजाने दोन पाणबुड्या बुडवल्या. एक पुरली असती, पण शेटना स्टेपनी ठेवायची सवय. मग आवाज चढवून म्हणाले, "आणि मित्रहो, बुडणाऱ्या जहाजावरच्या एकूण एक खलाशाला यांनी वर ओढून घेतलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चाची शाल घेऊन व्यासपीठावर उभी होती. तिने दादांकडे वळून विचारलं, "सगळ्यांना वर घेतलात? मग आदमला कोणीच उठवलान नाय?"

दादांनी नुसतं "वेळ नव्हता" म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी पहिल्या रांगेत बसून मनातल्या मनात तेच ओरडत होतो, म्हणा, दादा, म्हणून टाका. त्यांनी शेटच्या हातातून माईक काढून घेतला.

"कोणालाच वर घेतला नाय. पाणबुडी आजूबाजूलाच व्हती. आमी थांबलो असतो तर बाकीची जहाजा पण गेली असती. थांबायचा नाय, असा हुकूम व्हता."

हुकूम म्हटल्यावर मागच्या रांगांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना टाळ्यांची जागा बरोबर कळते. शेट माझ्याकडे वाकून कुजबुजले, "उमेर, चहा लवकर आणायला सांग."

"आदम झोपला नव्हता, भाबी," दादा म्हणाले. "पाण्यात व्हता. आमी त्याच्या बाजूनच गेलो. मी कठड्याशी उभा व्हतो."

चाचीने हातातली शाल खुर्चीवर ठेवली. मला तिची इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

"तुला बगितलान?"

"बगितलान. माज्या नावान हाक मारलान."

"काय म्हणालान?"

"दोरी टाक म्हणालान."

आता टाळ्यांची जागा कोणालाच सापडेना. चाचीने अगदी हळू, शेजारणीला घरातलं काही विचारावं तसं विचारलं, "तुज्याकडं दोरी व्हती?"

"हातात व्हती, भाबी," दादा म्हणाले. "टाकली नाय."