दोनशे चौदा त्रुटींचा निपटारा

सोमवारी सकाळी मिसबाहनं प्रोग्रॅम जुळवून चालता करायला बिल्ड लावला आणि स्क्रीनवर दोनशे चौदा त्रुटी आल्या. तिनं पहिली तेवढी वाचली. बाकीच्या वाचायची गरज नव्हती.

जळगावच्या केळी उत्पादक संघाचा हा प्रोग्रॅम एकच काम करायचा. कोणत्या शेतकऱ्याची बाग कोणत्या दिवशी कापायची, त्याचे नंबर लावायचा. नावं डेटाबेसमध्ये ठेवायला तो तयार कोडची एक लायब्ररी वापरायचा. संघात नवे कॉम्प्युटर आले, त्यांवर त्या लायब्ररीची नवी आवृत्ती बसली आणि तिच्यातल्या एका फाइलची जागा बदलली. कोड वाचून तपासणारा कंपायलर ती फाइल जुन्या जागी शोधत होता. ती सापडली नाही, म्हणून तिच्या भरवशावर लिहिलेली प्रत्येक ओळ त्याला चुकीची वाटत होती. बिल्डच्या सेटिंगमध्ये एका ओळीत नवी जागा लिहिली, की संपलं. पण संघाच्या कॉम्प्युटरवर सेटिंगच्या फाइलला कुलूप होतं आणि त्याचा पासवर्ड कार्यालय अधीक्षक लीलाधरभाऊंकडे होता.

"किती त्रुटी आहेत?" लीलाधरभाऊंनी विचारलं.

"दोनशे चौदा. पण कारण एकच आहे, भाऊ."

"एका कारणाला दोनशे चौदा त्रुटी?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मी बत्तीस वर्षं फायली बघतोय. असं होत नसतं. तू असं कर, प्रत्येक त्रुटीचा वेगळा खुलासा दे. मग परवानगीचं बघू."

"शुक्रवारी धुळ्याला प्रात्यक्षिक आहे."

"म्हणूनच म्हणतो, लवकर दे."

त्यांनी लगेच भिंतीवर उरलेल्या त्रुटींचा तक्ता लावला. वर वार, खाली दोन नावं, मिसबाह आणि जितेंद्र. दोघंही कंत्राटी. जागा एकच कायम व्हायची होती आणि प्रात्यक्षिकानंतर अध्यक्ष प्रेमराज आबा नाव जाहीर करणार होते. मिसबाहला ती जागा हवी होती. ती मिळाली नाही तर पुण्याच्या कंपनीत जावं लागणार होतं आणि आई हसीनाबीला जळगावात एकटीला ठेवणं तिला मान्य नव्हतं. तिनं त्याच दिवशी कारण आणि उपाय असं अर्ध्या पानाचं पत्र लिहून दिलं. पत्राला आवक क्रमांक मिळाला. पासवर्ड मिळाला नाही.

मंगळवारी तक्त्यावर मिसबाहपुढे दोनशे चौदा होते. जितेंद्रपुढे एकशे साठ.

"कसं केलंस रे?" तिनं विचारलं.

"हळूहळू चाललंय, ताई," जितेंद्र स्क्रीन थोडी वळवून घेत म्हणाला.

बुधवारी तो सत्तरवर आला. तो जेवायला गेल्यावर तिनं पाहिलं. ज्या ओळीवर त्रुटी येत होती, त्या ओळीपुढे त्यानं दोन तिरप्या रेघा मारल्या होत्या. अशा रेघा मारल्या की कंपायलर ती ओळ वाचतच नाही. म्हणजे नाव साठवायची ओळ बंद, नाव शोधायची ओळ बंद. 'नोंद यशस्वी झाली' हा संदेश दाखवायची ओळ मात्र निर्दोष होती, म्हणून ती चालू.

"भाऊ, या प्रोग्रॅममध्ये एकही नाव राहणार नाही," ती लीलाधरभाऊंना म्हणाली.

"तुझा आकडा तीन दिवस हललेला नाही आणि तू दुसऱ्याच्या कामात खोड्या काढतेस? त्याच्याकडून शिक जरा."

गुरुवारी जितेंद्र शून्यावर आला. लीलाधरभाऊंनी पेढे मागवले. मिसबाहनं एक पेढा खाल्ला, घरी गेली आणि स्वतःच्या लॅपटॉपवरच्या प्रतीत ती एक ओळ बदलून बिल्ड लावला. चहा उकळायच्या आत तो एकाही त्रुटीशिवाय पूर्ण झाला.

शुक्रवारी संघाची जीप पारोळ्याला चहाला थांबली तेव्हा तिनं पुन्हा त्या बंद ओळींचा विषय काढला. "तक्त्यावर ज्याची त्रुटी शून्य, त्याचंच प्रात्यक्षिक," लीलाधरभाऊ म्हणाले आणि खारी बुडवू लागले.

धुळ्याच्या सभागृहात संघाचे साठेक सभासद शेतकरी जमले होते. जितेंद्रनं पहिल्या रांगेतल्या अभिमन नानांचं नाव टाकलं. मोठ्या पडद्यावर 'नोंद यशस्वी झाली' असं उमटलं. टाळ्या पडल्या. प्रेमराज आबा भाषणाला उठले.

"दम धरा आबा," अभिमन नाना बसूनच म्हणाले. "मन्हं नाव दखाड बरं, पोरा. कितवा नंबर शे?"

जितेंद्रनं यादी उघडली. यादी कोरी होती.

"यादी रिकामी आहे, म्हणजे प्रलंबित काही नाही," लीलाधरभाऊंनी माइकवरून सांगितलं.

"मी आठे उभा शे," नाना आता खरंच उभे राहिले, "आनि यादीमा नही! मन्ही बाग पिकी जाई, ते केळी काय तुन्हा घरमा वाटू का?"

सभागृह हसलं. आबा हसले नाहीत. मिसबाह मागच्या टेबलाशी बसली होती. तिनं लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "नाना, इकडे या." लागवडीची तारीख विचारून नाव टाकलं, प्रोग्रॅम बंद केला, पुन्हा सुरू केला. नाव होतं. नंबर एक, कापणी मंगळवारी. नानांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"चालत होतं तर आधी का नाही सांगितलं?" आबांनी मंचावरून विचारलं.

"सोमवारी लेखी दिलंय, आबा."

आबांनी लीलाधरभाऊंकडे पाहिलं. लीलाधरभाऊंनी पंख्याकडे. दोघं थोडा वेळ कुजबुजले आणि आबांनी माइक घेतला. "मुलगी कामाची आहे. म्हणून तिला कंत्राटावर कामालाच ठेवू. कायम जागा जितेंद्रला. नेमून दिल्याप्रमाणे त्यानं त्रुटी कमी केल्या, हे कागदावर आहे."

"मग माझं कंत्राट महिनाअखेर संपतं, आबा," मिसबाह म्हणाली. आवाज तिनं वर जाऊ दिला नाही. "पुढचं मी घेणार नाही."

"अगं, रागावू नकोस, अकरा महिने वाढवून देऊ."

"रागावले नाही. पुण्याला जातेय."

अभिमन नाना मंचाकडे वळले. "ही पोर गई, ते आम्हना बठ्ठासना नंबर कोन लाई? तुम्ही लावशात?"

आबांनी माइक तोंडाशी नेला. पण मंचाकडे आता कोणी बघतही नव्हतं. मागच्या टेबलापुढे रांग लागली होती, टोप्या, उपरणी, सातबाऱ्याच्या घड्या, आणि ती दारापर्यंत गेली होती. साठ शेतकरी म्हणजे संघाच्या निवडणुकीतली साठ मतं. आबांनी रांग शेवटपर्यंत डोळ्यांनी मोजली.

"माझं बोलणं पूर्ण ऐकून घेत नाही तुम्ही लोक," ते माइकवर म्हणाले. "कायम नेमणूक मिसबाहची. हे तर पहिल्यापासूनच ठरलेलं आहे. आणि जितेंद्रचा अनुभव वाया जाऊ नये, म्हणून त्याला त्रुटी निवारण प्रमुख करतो. मिसबाह त्याच्या हाताखाली काम करील."

टाळी एकट्या लीलाधरभाऊंची. जितेंद्र मान खाली घालून टेबलापाशी आला आणि पुटपुटला, "ताई, मला काही समजत नाही गं यातलं."

"माहितीये," मिसबाह म्हणाली. "तिकडची खुर्ची ओढ आणि बघत बस."

रांग पुढे सरकली. तिनं पुढच्या शेतकऱ्याला विचारलं, "लागवड कधीची, बाबा?"