वाटमोकळे महाराज

पुलाच्या अलीकडच्या मैदानात रोज संध्याकाळी गाड्यांची रांग लागायची. प्रत्येक गाडीत एकच माणूस, आणि तोही रडकुंडीला आलेला. पूल तुंबलेला असायचा. मांडवातले वाटमोकळे महाराज मात्र दक्षिणा घेऊन आपला एक सेवक गाडीत बसवायचे. मग ती गाडी डावीकडच्या रिकाम्या पट्ट्याला लागली की आडवा दांडा आपोआप वर. एकट्याने तिकडे गाडी घातली तर दांडा ढिम्म हलत नसे. लोक हे डोळ्यांनी बघत आणि हात जोडत.

माझी धाकटी बहीणही त्या रांगेत असायची. तिचं बाळ वेळेआधी जन्मलं होतं. ते पलीकडच्या इस्पितळात काचेच्या पेटीत होतं. तिला घरी सोडलं होतं, नवरा दूर कामावर होता. ती रोज दूध काढून न्यायची, पण सहानंतर आत घेत नसत. काल सेवक मिळाला नाही, आणि ती इस्पितळाच्या दारातून दुधासकट परत आली होती. म्हणून आज मी बरोबर गेले.

"आज सेवक नाही," महाराज डोळे मिटून म्हणाले. "तुझ्या मनात शंका आहे. शंकेचं ओझं पूल पेलत नाही."

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझं डोकं फिरलं. "महाराज, पूल ट्रक पेलतो. आमची शंका तेवढी जड आहे का?"

"बाई, लेकराच्या जिवाशी खेळ नको," एक सेवक म्हणाला.

बहिणीने माझा हात धरला. "ताई, पाया पडते तुझ्या, गप्प बस. त्याला काही झालं तर?"

मला तिची दया आली आणि संतापही आला. तिला ओढतच गाडीत बसवलं. "डावीकडून घाल."

"दांडा उघडणार नाही गं."

"नाही उघडला तर मी उतरून उचलते."

दांडा वर गेला. बहिणीने हात जोडले. मी दांड्याशेजारच्या पोलीस चौकीच्या काळ्या काचेवर टकटक केली, तेव्हा आतून एका हवालदाराने डोकं बाहेर काढलं.

"आम्हाला का सोडलंत?"

"दोघी आहात ना? एकेकट्याने गाड्या काढू नयेत म्हणून नगरपालिकेने हा रस्ता ठेवलाय. दोन डोकी दिसली की मी बटण दाबतो. पाटी लावलीय की."

"कुठे?"

त्याने वर पाहिलं. पाटीच्या जागी महाराजांचा हसरा फ्लेक्स फडफडत होता. "वर कळवलंय," तो ओशाळून म्हणाला.

आम्ही वेळेत पोचलो. दूध आत गेलं. बाहेरच्या बाकावर एक आजोबा बसले होते. काल रांगेत त्यांची गाडी बहिणीच्या पुढेच होती. दोघांनाही इथेच यायचं होतं, आणि दोघंही आपापल्या गाडीत सेवकाची वाट बघत बसले होते. आजोबांची बायको काल संध्याकाळी गेली. ते पोचले तेव्हा तिच्यावर चादर ओढलेली होती.

"म्हणजे मी त्यांना नुसतं माझ्या गाडीत बसवलं असतं तरी..." बहीण आजोबांकडे बघत म्हणाली.

फ्लेक्स अजून तिथेच आहे, रांगही आहे. त्या रांगेत असाल तर कळकळीने सांगते, दांडा का उघडतो ते चौकीत विचारा. मग शेजारच्या गाडीची काच वाजवा आणि आतल्या माणसाला विचारा, "कुठे निघालात?"