सापडलेल्या कुत्र्याचे फोटो

मित्रांनो, वेबपानावर निळे, खाली रेघ मारलेले शब्द तुम्ही पाहिले असतीलच. त्यांतलीच एक जुनी लिंक म्हणजे मी. दिसायला जेमतेम तीन शब्द, पण बोट लावा, दुसऱ्या पानावर नेऊन सोडते. आहे की नाही ऐट?

माझा जन्म जनावरांच्या दवाखान्यात झाला. डॉक्टरबाईंची धाकटी बहीण औषधांच्या खोक्यांशेजारी लॅपटॉप मांडून दवाखान्याची वेबसाइट बनवत होती. रस्त्यात सापडलेला एक म्हातारा, लंगडा कुत्रा तिच्या पायाशी पडून होता. संध्याकाळपर्यंत मालक आला नाही, तर त्याला दूरच्या प्राणी-आश्रमात पाठवायचं ठरलं होतं. म्हणून धाकटीनं त्याचे फोटो काढले आणि मला बनवलं. पुष्कळ जण लिंकला नुसतं ‘इथे क्लिक करा’ म्हणतात. हिनं मला ‘सापडलेल्या कुत्र्याचे फोटो’ असं नीट नाव दिलं. दाबण्याआधीच माणसाला कळावं, आपण कुठे चाललोय. मला तिचं फार कौतुक वाटलं.

दुपारी एका आजोबांचा फोन आला.

“आमचा ढब्बू हरवलाय हो. नातीच्या कॉम्प्युटरवर तुमचं पान उघडलंय, पण फोटो काही दिसत नाहीत.”

“माझ्याकडे तर दिसतायत, आजोबा. लंगडा आहे का तुमचा?”

“छे, चांगला चालायचा. मग तो नसेलच. उगाच हेलपाटा नको, पाय दुखतात आता.”

“थांबा, फोन ठेवू नका,” धाकटी म्हणाली. तिनं ताईच्या मोबाइलवर मला दाबलं. तिथेही काही नाही. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मला दिलेला पत्ता तिच्याच लॅपटॉपमधल्या फोल्डरचा होता. तिथे परका माणूस पोचणार कसा?

“कमाल आहे माझी,” ती हसली. पण हात थांबले नाहीत. तिनं फोटो वेबसाइटवर चढवले, माझा पत्ता बदलला आणि आधी ताईच्या मोबाइलवर दाबून बघितलं.

“आता दाबा, आजोबा.”

फोनवर माउसची टिकटिक ऐकू आली.

“तोच आहे,” आजोबा म्हणाले. “कान फाटलाय ना, तोच. पायाला काय झालं माझ्या लेकराला? मी निघालोच. त्याला सांगा.”

“तुम्हीच सांगा,” म्हणत धाकटीनं फोन कुत्र्याच्या कानाशी धरला. पलीकडून हाक आली आणि ढब्बू तीन पायांवर उभा राहून दाराकडे निघाला.

आता मला फारसं कुणी दाबत नाही. धाकटी मात्र अधूनमधून दुसऱ्याच्या मोबाइलवरून मला दाबून बघते. मित्रांनो, तुम्हीही लिंक बनवाल, तेव्हा एवढं करा. आपल्याकडे उघडली म्हणून उठू नका. पलीकडे एखादे आजोबा फोन ठेवायच्या बेतात असतील.