आमच्या पेट्या आणि डॉक्टरांचे स्पीकर

आमच्या दिवाणखान्यात दोन पेट्या होत्या. पेट्या म्हणजे स्पीकरच, पण कमरेएवढे उंच, सागवानी, आणि माझ्या नव्या शोकेसची जागा अडवून बसलेले. शोकेस बिचारी व्हरांड्यात धूळ खात होती.

माझे यजमान दिगंबरराव चंदीगडच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत. एका निवृत्त कर्नलसाहेबांनी घर आवरताना ह्या जुन्यापुराण्या पेट्या त्यांना देऊन टाकल्या. आत उंदरांनी संसार थाटलेला, स्पीकरच्या कागदी कोनांच्या कडा कुरतडलेल्या. मी म्हटलं, भंगारात द्या. पण ऐकतील ते दिगंबरराव कसले! दोन वर्षं त्यांनी आपल्या सगळ्या सुट्ट्या त्या पेट्यांवर घातल्या. कडांना मऊ कातडं लावलं, सेक्टर सतराच्या बाजारातून बारीक सुरांसाठी नवे ट्वीटर आणले, आणि आत आवाज घुमू नये म्हणून पेट्यांमध्ये कापूस भरला. कापूस कुठला? माझ्या रजईतला. मला न विचारता! चंदीगडच्या थंडीत रजई गमावलेल्या बाईचा अबोला किती दिवस टिकतो, ते त्यांना तेव्हा कळलं.

सत्याऐंशी सालच्या पाडव्याची गोष्ट. मेडिकल इन्स्टिट्यूटमधले सर्जन डॉ. जयंत देवस्थळी नुकतेच विलायतेहून परतले होते, आणि येताना स्पीकरची नवीकोरी जोडी घेऊन आले होते. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते सगळ्यांदेखत म्हणाले, "दिगंबरराव, कितीही ठिगळं लावा, भंगार ते भंगारच."

भंगार हा शब्द मी घरात शंभरदा वापरला होता. पण तो परक्याच्या तोंडून आला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिगंबरराव कधी कुणावर आवाज न चढवणारे, तेही तडकले.

"रविवारी तुमचे स्पीकर घेऊन या. चादरीआड ठेवू, ऐकणाऱ्यांनी ठरवायचं. हरलो तर माझ्या पेट्या माळ्यावर."

रविवारी दुपारीच जमायचं ठरलं, कारण त्या दिवसांत अंधार पडल्यावर कुणी घराबाहेर राहत नसे. डॉक्टर आले ते धुसफुसतच. दोन वर्षांपूर्वी अतिरेक्यांनी ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब दडवून माणसं मारली होती. तेव्हापासून पोलीस कुठलाही डबा उघडून पाहिल्याशिवाय सोडत नसत.

"नाक्यावर एका स्पीकरची पाठ खोलायला लावली हो!" डॉक्टर म्हणाले. "तारा काढून आत हात घालून पाहिलं. मी सर्जन आहे म्हटलं, तर म्हणे, डॉक्टर साब, पेटी तो पेटी है. शेवटी रस्त्यावरच तारा जोडून पाठ बंद केली."

दिवाणखान्यात चादर टांगली. दिगंबरराव आणि डॉक्टर चादरीमागे. पुढे ऐकायला आम्ही तिघी: डॉक्टरांची बायको स्मिता, शेजारच्या मिसेस ग्रेवाल आणि मी. यमनाची एक रेकॉर्ड आधी एका जोडीवर वाजली, मग दुसऱ्या.

पहिली जोडी ऐकून मी चपापले. गाणारा खोलीत नेमका कुठे बसलाय तेच कळेना, आणि तबलजी डग्गा घरीच विसरून आल्यासारखा. दुसरी जोडी लागली आणि खोली भरून गेली. आम्ही तिघींनीही दुसरीला मत दिलं. चादर बाजूला झाली. दुसऱ्या आमच्या पेट्या! स्मिताला घरचे स्पीकर ओळखूसुद्धा आले नव्हते.

"वाह जी!" म्हणून मिसेस ग्रेवाल टाळ्या वाजवायला लागल्या. मी पेढ्यांची बशी आणायला उठले. पण दिगंबररावांचा चेहरा काही खुलेना.

"डॉक्टर, तुमच्या एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्यात," ते म्हणाले. "एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. दोघे एकमेकांचा डग्गा खातायत."

डॉक्टर ओशाळले. "जाऊ द्या. तुम्ही जिंकलात."

"हात बांधलेल्या माणसाशी कुस्ती जिंकून मी काय करू?"

असं म्हणून ह्या माणसाने स्क्रूड्रायव्हर आणला, मांडी घालून बसला, आणि भंगार म्हणणाऱ्याच्या स्पीकरची तार आपल्या हाताने सरळ केली. मी बशी हातात घेऊन तशीच उभी राहिले. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की रजईचा राग तिथल्या तिथे संपला.

पुन्हा चादर, पुन्हा यमन. आता माझ्या मनात एकच होतं, दिगंबररावांनी जिंकावं. स्मिताने पहिल्या जोडीला मत दिलं, मिसेस ग्रेवालनी दुसरीला. राहिलं माझं. दुसरी जोडी आमची, हे या वेळी मी पहिल्या सुरालाच ओळखलं होतं. दोन वर्षं त्या पेट्यांशी भांडले होते ना! आवाज गोड होता, भरदार होता. पण पहिल्या जोडीत तंबोऱ्याची तार न् तार सुटी ऐकू येत होती. क्षणभर वाटलं, खोटं बोलावं. पण निकाल खरा लागावा म्हणून ज्याने तार सरळ केली, त्याच्यासमोर खोटं बोलायला जीभ रेटेना.

"पहिली," मी म्हणाले.

चादर बाजूला झाली. पहिले डॉक्टरांचे. दिगंबररावांनी त्यांचा हात हातात घेतला आणि मनापासून दाबला. मग ते आमच्या पेट्यांच्या तारा काढायला वाकले. शब्दाला पक्का माणूस.

"हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"अगं, हरलो ना मी. माळ्यावर ठेवायच्या असं ठरलंय. तुझ्या शोकेसला जागा..."

"शोकेस जाईल माळ्यावर."

तार हातात धरूनच ते माझ्याकडे वळले. "पण तूच तर माझ्याविरुद्ध मत दिलंस!"

"ते कानांनी दिलं," मी म्हणाले. "दिवाणखान्यात काय मिरवायचं, ते मी ठरवते."