चहाचे विस्मरण

'रुग्णास डायलिसिसमुळे अल्पकालीन विस्मरण जडले असून घेतलेला चहाही त्यांच्या लक्षात राहत नाही. सबब सार्वजनिक व्याख्याने टाळावीत.'

डायलिसिस केंद्रातल्या समुपदेशकाचा हा अहवाल शामकांत सरांनी सावेडीतल्या आपल्या दिवाणखान्यात खणखणीत वाचला आणि तर्कशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला शोभेल अशा थंड संतापाने तो सोलायला घेतला.

"परीक्षा घेतली कधी? यंत्रावर चौथा तास, रक्तदाब तळाला, पायांत गोळे. त्या घटकेला शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तर साक्षात बृहस्पतीही गडबडेल! ग्रहण लागले म्हणून कोणी सूर्य मोडीत काढतो? दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा म्हणावे!"

"आत्ता दुसरी सकाळच आहे, बाबा," अनीश म्हणाला. नेवाशाच्या ग्रंथालयातले वडिलांचे रविवारचे व्याख्यान रद्द करायला तो फोन लावण्याच्या बेतातच होता. "मी विचारू?"

"विचार!"

सर शंभरावरून जे घसरले ते थेट दोनवर येऊन थांबले, आणि कोणी न सांगताच त्याच पायऱ्या उलट्या चढून शंभरावर आले. डायलिसिस केंद्रात शेजारच्या पलंगावर असणाऱ्या मच्छिंद्रच्या म्हशींची नावे, त्यांच्या स्वभावदोषांसह, सांगून झाली. चेव असा चढला की उभे राहून त्यांनी व्याख्यानाची प्रस्तावनाच सुरू केली.

"पुरे, पुरे!" अनीशने हसत फोन खिशात टाकला. "डोकं ठणठणीत आहे. जा नेवाशाला."

"ठणठणीत ना?" कोपऱ्यात मटार सोलत बसलेल्या सरांच्या पत्नी नीलांबरीबाई म्हणाल्या. "मग रोज सकाळी 'अगं, आज मला चहाच मिळाला नाही' असं तीन-तीनदा कोण म्हणतं हो? डॉक्टरांनी घोटाघोटावर बंधन घातलंय आणि तुमचं वजन दर डायलिसिसला अंगातल्या पाण्यानं फुगलेलं! मी मेली डोळ्यांत पाणी आणून त्या समुपदेशकाला सांगत बसले, यांना काही आठवत नाही म्हणून!"

सरांनी मनातल्या मनात मांडणी केली. चहा आठवत नसेल तर नेवासे गेले. आठवत असेल तर अब्रू गेली. तिसरा पर्याय शोधायला त्यांनी जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवले होते. तो आज काही केल्या सापडेना. अनीशचा हात पुन्हा खिशाकडे वळला.

तेव्हा सरांनी घसा साफ केला आणि प्रबंधाचा निष्कर्ष वाचावा तसे, ताठ मानेने, शब्दशः हे सांगितले:

"पहिला कप मला आठवत होता, दुसराही आठवत होता, आणि तिसरा मागताना त्या दोन्हींची चव माझ्या जिभेवर होती."