मिठाचा हात

पितृपक्षात माणसं आपापल्या बापाला जेवू घालतात. मी सोळा वर्षं दुसऱ्यांच्या बापांना जेवू घातलं, अन् माझा बाप राहून गेला.

धंदा आमचा श्राद्धाच्या स्वयंपाकाचा. उज्जैनची मराठी घरं, भैरवगढच्या घाटावर पिंडदानाला आलेली बाहेरगावची मंडळी, सगळ्यांकडे आमचेच डबे. खीर, वडे, कढी, अळूची भाजी. हा स्वयंपाक चाखायचा नसतो. आधी पितर, मग माणसं. म्हणून मीठ म्हणजे सगळा हाताचा अंदाज. माझे वडील विलासराव आचारी जाताना बोलले होते, "दिलीप, मीठ घालणारा हात एकच पाहिजे." बस. चुली पाच असोत की पंधरा, मीठ मीच घालणार. फोन मीच घेणार, टेम्पोत मीच बसणार. वडिलांची तिथी दशमी, ती दर साली कामात जायची. मग अमावास्येला ब्राह्मणाला शिधा द्यायचा, झालं.

यंदा श्रावणात पितृपक्षाच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. बायको, सुनंदा, म्हणाली, "बंद करू या. असेच पळत राहिलात तर पुढच्या साली तुमचंच पान वाढावं लागेल."

टावर चौकात भार्गवी म्हणून एक मुलगी आहे, छोट्या धंदेवाल्यांना रस्ता दाखवते. बिझनेस कोच म्हणतात. सुनंदाने मला धरून नेलं.

"काका, तक्रारी किती येतात?" भार्गवीने विचारलं.

"सोळा सालात एक नाही!" मी छाती काढून सांगितलं.

"पण श्राद्धाच्या पानावर कोणी बोलतं का?"

खरंच की. श्राद्धाला बसलेला ब्राह्मण जेवणाला वाईट काय, चांगलंसुद्धा म्हणत नाही. घरचेही नावं ठेवत नाहीत, पितरांना लागतं म्हणून.

"जी घरं सुटली तिथं जा," ती म्हणाली. "ऑर्डर मागू नका. विचारा, अन् ऐकून या."

देवास गेटजवळ अक्का राहतात. वडिलांच्या वेळेपासूनचं घर. पाणी दिलं, बसवलं. मी विचारलं, आमचे डबे का सोडले.

"आमच्या ह्यांच्या श्राद्धाला तीन वर्षं कढी खारट. एका साली वडे अगदी फिक्के."

"मग सांगितलं का नाही, अक्का?"

"मेल्या, नवऱ्याच्या पानावर बसून तुझ्याशी भांडू?"

अशी अजून चार घरं फिरलो. तेच. कढईत मीठ टाकताना फोन वाजायचा. घातलं की नाही विसरायचो, पुन्हा घालायचो. चाखायची तर सोय नाही.

भार्गवीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्याशिवाय मीठ कोण घालू शकेल?"

"कोणी नाही."

"मी," सुनंदा बोलली. सोळा वर्षं भाज्या चिरणारी बाई. "सासऱ्यांचा हात मी बघितलाय."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"विचारलं कोणी?"

भार्गवीने घरी वजनकाटा आणायला लावला. रोजच्या जेवणात चाखायला कोण अडवतं? आठवडाभर दोघांनी मिठाच्या मुठी भरून तोलल्या. माझी मूठ दर वेळी निराळी भरली. सुनंदाची एकसारखी. शेवटच्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग तिच्या मुठीच्या मापाची वाटी ठरली. सुनंदाने मीठ घातलं की भांड्याला खडूची रेघ. फोन पुतण्याकडे.

"अन् दशमीला तुम्ही कामावर नाही," भार्गवी म्हणाली.

"त्या दिवशी सात घरं आहेत, बाई!"

"म्हणूनच तर."

सातातली दोन घरं तुटून परत आलेली होती, त्यातलं एक अक्कांचं माहेर. दशमीला पहाटेपासून मी सोवळ्यात पाटावर बसलो होतो अन् कान भटारखान्याकडे. तीन वेळा उठलो, तिन्ही वेळा सुनंदाने नुसत्या डोळ्यांनी बसवलं. दहाच्या आत सात टेम्पो-फेऱ्या गेल्या. मग आमचा स्वयंपाक झाला. मी पिंडांवर पाणी सोडलं. बाबांना म्हटलं, उशीर झाला.

ब्राह्मण जेवून गेल्यावर माझं पान वाढलं. मी कढी भुरकली. तीच. बाबांच्या हातची.

सुनंदा दारात उभी होती. श्राद्धाचं पान, काही बोलायचं नव्हतं. मी वाटी रिकामी केली अन् तिच्यापुढे धरली. तिने वाढली. मी ती संपवली, अन् परत धरली.