सरावाचं पाप

"मी हत्तीला मारलं," चादरीपलीकडून एक पोरगा म्हणाला आणि हसू दाबता दाबता हॅलोबाईंना ठसकाच लागला.

सराव होता ना तो. पुढच्या रविवारी वर्गातल्या अकरा जणांचा पहिला ख्रिस्तप्रसाद, घरच्यांसमोर वेदीवरची पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायची; आदल्या दिवशी फादरांपुढे पहिलं पापनिवेदन. पोरांची घाबरगुंडी उडू नये म्हणून चर्चच्या मागच्या खोलीत दोरीवर चादर टाकून फादरांच्या जागी बाई बसायच्या. नियम एकच, पापं खोटी आणायची. खरी फादरांसाठी.

हॅलोबाई म्हणजे हॉस्पिटलच्या टेलिफोनवरच्या. आठवडाभर "हॅलो, कोणता वॉर्ड?" करायचं आणि रविवारी धर्मशिक्षण, आधी मोठ्यांचा वर्ग, मग मुलांचा. आणि नकला तर अशा करायच्या की फादरसुद्धा पोट धरून हसायचे.

मग लवंगी आली. वर्गात सगळ्यात बुटकी, एरवी तोंडाचा पट्टा चालू. आज गुडघे टेकून गप्प.

"बोल गं. तू काय, वाघ मारलास?"

"मी आईला सांगितलं, रविवारी आयांना बोलावलेलं नाही."

बाईंना वाटलं, काय झकास रचलंय. "आणि असं का सांगितलंस?"

"ती वाचते तसं तुम्ही करून दाखवलंत ना. सगळे हसले. मी पण हसले. मी जास्त हसले, म्हणजे कुणाला कळणार नाही."

दोन रविवारांमागची गोष्ट. पोरं प्रार्थना वाचताना अडखळत होती, तर बाईंनी नाक पुस्तकाला टेकवून, ओळीवर बोट ठेवून, अक्षराअक्षराला धापा टाकत वाचून दाखवलं होतं. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. पण मोठ्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून चाळिशीत अक्षरं गिरवणारी हॉस्पिटलच्या लाँड्रीतली बाई ही लवंगीची आई, हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच? तेव्हा आठवलं नव्हतं असंही नाही. हशा पिकत होता, बस.

"हे खोटं पाप आहे ना गं?"

"हो," लवंगी म्हणाली आणि नाक ओढत उठली.

वर्ग सुटल्यावर आई नेहमीसारखी आवारात उभी होती. पोरगी नळावर पाणी पीत होती. मुलीचं नाव निघू द्यायचं नाही, एवढं ठरवून बाई गेल्या.

"ताई, मी तुमच्या वाचण्याची नक्कल केली होती. मुलांसमोर."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "खिडकीखालीच उभी होते की. चांगली जमली होती. आधी मलाही हसू आलं." नळाकडे बघत म्हणाली, "मग आमच्या लवंगीचं हसणं ऐकू आलं."

बाईंना वर बघवेना. "रविवारी तुम्ही यायचंय. पहिल्या रांगेत. मी स्वतः तुमच्या शेजारी बसते."

"रविवारची ड्यूटी मागून घेतली मी. आयांना बोलावणं नाही म्हणून पोरीने सांगितलंय, ते खोटं पडायला नको."

"ताई, असं नका ना करू."

आईने पिशवीतून कडक इस्त्रीचा पांढरा झगा काढला. "रविवारी सकाळी तुम्हीच घाला तिला. मागचं वरचं हुक घट्ट आहे, जरा ओढून लावावं लागतं."

बाईंनी दोन्ही हात पुढे केले. कुठे चुरगळायला नको म्हणून झगा तसाच हातांवर आडवा धरून, कोपर शरीरापासून लांब ठेवून, त्या अख्खं आवार ओलांडून गेल्या.